मिस, अप्पा आणि मिस्पा

म्हैसूरला जाणं मी बरीच वर्षं टाळलं होतं. यंदा गेले, कारण मिसचा फोन आला. “घर विकलं. बंगळूरला मुलाकडे जातेय. रिकामं व्हायच्या आत येऊन जा. एक काम आहे, तुझ्याच धंद्यातलं.”

माझा धंदा नकाशांचा. ठिकाणांची नावं आणि जागा बरोबर आहेत का, ते मी तपासते. मिस म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. निवृत्त शिक्षिका, म्हणून अख्ख्या गल्लीच्या मिस. त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. पुढे बाबांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो.

पुण्याहून बंगळूरपर्यंत रात्रीची स्लीपर बस घेतली. पुढे बसही मिळते, पण रेल्वेनेच जा. साध्या डब्याचं तिकीट डोसा-कॉफीपेक्षा महाग नाही, आणि श्रीरंगपट्टणला गाडी कावेरी दोनदा ओलांडते. दुसरा पूल आला की आई जेवणाचा डबा बंद करायची, म्हणजे म्हैसूर आलं. या वेळी माझ्याकडे डबा नव्हता. तरी हात पिशवीकडे गेला.

स्टेशनबाहेर आधी खाऊन घ्या. सेट डोसा, म्हणजे तीन-चार मऊ डोशांची चळत, मागवलात तर दुसरं काही मागवू नका, संपत नाही. मग रिक्षा केली, बोगादी रोडची.

गेटच्या खांबावर ग्रॅनाइटचा दगड होता तिथेच होता. त्यावर कन्नड अक्षरांत ‘मिस्पा’. मिसचे यजमान रेल्वेत होते. त्यांचा मुलगा त्यांना अप्पा म्हणायचा, म्हणून आम्हीही. त्यामुळे लहानपणी या नावाबद्दल मला काडीची शंका नव्हती. मिस अधिक अप्पा, मिस्पा. शाळेत संधी शिकवला तेव्हा तर खात्रीच पटली. मधला ‘अ’ लोप पावला, इतकंच.

“बा बा, ये,” मिस म्हणाल्या. “अय्यो, किती वाळलीस! पुण्यात भात मिळत नाही का?”

मी कन्नडमध्ये उत्तर दिलं. त्या हसल्या. “गंज चढलाय तुझ्या कन्नडला. बस, आधी खा.” त्यांनी रव्याचे लाडू पुढे केले. ताटलीसुद्धा जुनीच, निळ्या काठाची.

काम असं होतं. अप्पा गेल्यापासून त्या दगडाचं काय करायचं, हे ठरत नव्हतं. मुलगा म्हणत होता, बंगळूरच्या फ्लॅटला हे नाव नको, हे भांडणाचं नाव आहे. बायबलातली गोष्ट मिसनेच मला सांगितली. याकोब सासऱ्याला न सांगता बायकामुलांसह निघून गेला. सासरा लाबान पाठलाग करत आला. शेवटी दोघांनी दगडांचा ढीग रचला आणि ठरवलं, वाईट हेतूने हा ढीग कोणीच ओलांडायचा नाही. त्या जागेचं नाव मिस्पा.

“आता माझं ऐक,” मिस म्हणाल्या. “मीही वडिलांना न सांगताच अप्पांशी लग्न केलं. वडील या गेटच्या आत कधी आले नाहीत. अप्पा आठवडाभर ड्यूटीवर असायचे. मला वाटायचं, ते दूर असताना देव माझ्याकडे बघो, म्हणून अप्पांनी हे नाव ठेवलं. मुलगा म्हणतो, तसं नाही, आजोबांना टोमणा मारला. तू सांग. गोड नको, बरोबर सांग.”

मी फोनवर मराठी बायबल उघडलं, त्यांनी कन्नड घेतलं. ‘त्साफा’ म्हणजे हिब्रूत टेहळणं, आणि सुरुवातीचा ‘मि’ जागा दाखवतो. म्हणून मिस्पा, टेहळणीची जागा. या नावाची ठिकाणं एकाहून जास्त आहेत. त्या ढिगाला सासऱ्याने आपल्या अरामी भाषेत नाव दिलं, जावयाने हिब्रूत ‘गलेद’ म्हटलं. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीचा ढीग. आमच्या जिन्यावरही वरची कोथिंबीर खाली मिसकडे कन्नडमध्ये कोत्तंबरी व्हायची.

मग मी तो भाग पुन्हा वाचला.

“मिस, मिस्पा हे नाव ज्या वाक्यावरून पडलं, ‘आपण नजरेआड असताना देव दोघांवर लक्ष ठेवो’, ते याकोब म्हणत नाही. लाबान म्हणतो. पुढे हेही म्हणतो, की माझ्या मुलींना छळू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे मिस्पा हा बापाच्या तोंडचा शब्द आहे. जावयाचा शब्द गलेद. अप्पांना टोमणाच मारायचा असता तर तो हाताशी होता. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण गेटवर त्यांनी सासऱ्याचा शब्द लावला.”

मिसने चष्मा काढला. पुसून परत लावला. मग मुलाला फोन लावला. “दगड काढायला माणूस बोलाव. हो, फ्लॅटलाच लावायचा. मला शिकवू नकोस, मी मिस आहे.”

तेव्हा मी त्यांना माझा लहानपणचा अर्थ सांगितला. आजवर कोणालाच सांगितला नव्हता. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. “हे आधी सांगितलं असतंस तर दोन-दोन बायबलं कशाला उघडली असती!”

निघताना त्या गेटवर उभ्या राहिल्या. शाळेत जाताना आमची रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. तेव्हा मी कधी मागे पाहिलं नाही. त्या आहेत हे माहीत असायचं. या वेळी पाहिलं. त्यांनी ‘जा, जा’ असा हात हलवला, पण आत गेल्या नाहीत.

माझ्या कामात जागा गेली की नकाशातून नाव काढतात. हे नाव नकाशात कधी नव्हतंच, आणि आता ते जागा बदलतंय. ते कुठे नोंदवायचं, मला ठाऊक नाही.

सकाळी पुण्यात दार उघडत होते, तेवढ्यात फोन वाजला.

“पोचलीस?”

“पोचले, मिस.”

“बरं. मग आता मी गेटवरून आत जाते.”