डबा परत ठेवायची ओळ

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात मी अमक्याची बायको आणि तमकीची आई होते, आणि इंटरनेटवर 'सर'. तिथल्या फोरमवर माझं नाव म्हणजे नुसती आद्याक्षरं होती. इतकी बरी उत्तरं देणारा माणूस पुरुषच असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही कुणाचा गैरसमज काढायला गेले नाही. कुणाकुणाला सांगत बसू?

पुण्यात मी चांगली प्रोग्रॅमर होते. चांगली म्हणजे चांगलीच, उगाच विनय कशाला! नवऱ्याला इकडे नोकरी लागली, त्याच्यामागून मी आले, आणि माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलं की मलाही काम करायचा परवाना मिळणार होता. कधी, ते देवालाच ठाऊक. तोवर हात सुटू द्यायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. परवाना आला की ताठ मानेने मुलाखतीला जायचं, आणि 'बाई, तुम्ही मागे पडलात' असं म्हणायची कुणाची टाप होता कामा नये. म्हणून मुलगी स्कूलबसमध्ये चढली की मी कुकर लावायचे आणि फोरम उघडून बसायचे.

फोरम म्हणजे प्रोग्रॅमर लोकांचा कट्टाच. कुणीही प्रश्न टाकावा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं. एखादा चांगला प्रश्न आला की दिवस कसा जायचा कळायचं नाही. पण चांगले प्रश्न म्हणजे खिचडीतले शेंगदाणे. बाकी सगळी भरताड, 'गुरूज, अर्जंट, प्लीज कोड पाठवा!' तू काय करून बघितलंस, कुठे अडलं, पडद्यावर काय आलं, काही म्हणजे काही सांगायचं नाही. मास्तरांनी दिलेला गृहपाठ मथळ्यासकट उचलून आणून चिकटवायचा. एकाने तर खाली लिहिलं होतं, 'उद्या द्यायचंय, लवकर आटपा.' लवकर आटपा! मी काय तुझी मोलकरीण आहे, मेल्या? आणि उत्तर यायला जरा उशीर झाला की वर फणकारा, 'इथे कुणी मदतच करत नाही.' दे रे हरी खाटल्यावरी, आणि हरीला वेळ लागला तर हरीलाच शिव्या.

माझा एक रिवाज होता. उत्तराच्या वर नेहमी लिहायचे, 'आधी स्वतः शोधा, मग विचारा.' आणि पूर्ण कोड कधीच द्यायचे नाही. शेवटची पायरी मुद्दाम मोकळी सोडून तिथे लिहायचे, 'इथून पुढे तुमचं काम.' शाळेत आमच्या गणिताच्या बाई अशाच, उत्तराच्या अलीकडच्या ओळीला खडू खाली ठेवायच्या आणि पदराला हात पुसत आमच्याकडे बघत राहायच्या. तेव्हा भयंकर राग यायचा. पण गणित आलं.

त्या सगळ्या ऐतखाऊंत एक गडी माझ्या चांगलाच लक्षात राहिला. त्याच्या नावाशेजारी डरकाळी फोडणाऱ्या वाघाचं चित्र होतं, म्हणून मी त्याला वाघच म्हणायचे. बाकीचे निदान विद्यार्थी तरी होते. हा नोकरीला होता, इथेच, अमेरिकेत. नसलेला अनुभव रेझ्युमेवर चढवून माणसाला क्लायंटकडे पाठवून द्यायचं, हे तेव्हा आपल्याकडच्या कन्सल्टिंगवाल्यांत सर्रास चालायचं. मग तो बिचारा क्लायंट ह्याला अनुभवी समजून काम देणार, आणि हा ते काम जसंच्या तसं आणून फोरमवर ओतणार. 'क्लायंट वाट बघतोय सर, अर्जंट.' खुर्ची त्याची आणि डोकं माझं. ज्या देशात मला काम करायला बंदी, त्याच देशात ह्याचं काम मी करत होते.

"अगं, कशाला ह्या लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस यार?" नवरा म्हणायचा.

"हात सुटू नये म्हणून."

"मग त्यांच्यावर एवढी चिडतेस कशाला?"

ह्याला काय सांगणार, कपाळ! मी कीबोर्ड बडवत तोंडाने बडबडत असायचे, तेव्हा मुलगी दारात येऊन विचारायची, "आई, हू आर यू यलिंग ॲट?"

"वाघावर."

"देअर इज नो टायगर, आई."

एकदा वाघाला काही केल्या एक साधी गोष्ट कळेना. प्रोग्रॅमला साठवलेली माहिती हवी असली की जोडणी लागते. जोडण्या असतात मोजक्या. एक घ्यायची, काम करायचं, परत द्यायची, म्हणजे ती पुढच्याला मिळते. हे मी त्याला परोपरीने सांगितलं. शेवटी वैतागून आमच्या घरचंच उदाहरण लिहिलं. फडताळात मोजके डबे आहेत. एक घे, भर, खा, विसळ आणि परत ठेव, नाहीतर पुढचा उपाशी. कोडमध्येसुद्धा इंग्रजी अक्षरांत नावं तीच ठेवली, फडताळ आणि डबा. सगळं लिहिलं, फक्त डबा परत ठेवायची ओळ सोडली. तिथे माझं नेहमीचं, 'इथून पुढे तुमचं काम.'

"चाललं सर, थँक्स," एवढं लिहून वाघ पसार झाला. चालणारच. फडताळ रिकामं व्हायला जरा वेळ लागतो.

पुढे मुलगी चांगली मोठ्या वर्गात गेली, आणि एकदाचा माझा परवाना आला. मी त्या परवान्याच्या कार्डाला हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं. जवळच्याच एका कंपनीत मुलाखत ठरली. समोर दोघं होते, एक अमेरिकन मॅनेजरबाई आणि आपल्याच देशातला पण मराठी नसलेला टेक लीड, म्हणजे तिथल्या प्रोग्रॅमरांचा म्होरक्या, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. मॅनेजरबाईंच्या प्रश्नांची मी पटापट उत्तरं दिली. त्या हसून मान डोलवत होत्या. झालं, नोकरी मिळाली, असं मला वाटायला लागलं होतं.

मग त्याने एक कागद माझ्यापुढे सरकवला. "हा आमच्या सिस्टममधला कोड आहे. काय करतो सांगा."

मी कागद जवळ ओढून बघितला. फडताळ. डबा. माझंच सगळं, ओळन् ओळ माझी. फक्त 'इथून पुढे तुमचं काम' एवढं पुसलेलं, आणि त्या जागी काहीच नाही.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. वर मॅनेजरबाईंकडे वळून त्याने समजावलं, "फदताल हे एका डिझाइनचं नाव आहे." बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

अगं बाई गं! हा कोड माझा आहे, हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण पहिलीच मुलाखत, आणि समोरच्याला त्याच्या साहेबिणीदेखत चोर म्हणायचं? फोरमवरचे ते 'सर' म्हणजे मी, हे तरी कोणाला पटणार होतं? आणि मला नोकरी हवी होती. गिळलं ते वाक्य. फक्त कामाचं तेवढं बोलले.

"ह्यात घेतलेली जोडणी परत दिलेली नाही. माणसं वाढली की सिस्टम अडकेल."

तो हसला. "मॅडम, हे रोज चालतंय. तुम्ही बरीच वर्षं घरी होतात ना?"

मी पुन्हा सांगितलं, ओळीवर बोट ठेवून सांगितलं. मॅनेजरबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, माझ्या बोटाकडे नाही. त्याने माझ्या रेझ्युमेवर काहीतरी खरडलं.

दोन-तीन दिवसांनी मुलाखत ठरवून देणाऱ्या रिक्रूटरचा फोन आला. टेक लीडच्या मते माझी बेसिक्स कच्ची झाली होती. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. दुःखाने नाही हो, संतापाने. एवढी वर्षं ज्या एका वाक्याला घाबरून मी हात चालता ठेवला, तेच वाक्य माझ्या तोंडावर मारलं, तेही माझ्याच उदाहरणावरून. नवरा बिचारा म्हणाला, दुसरी मिळेल. त्याच्यावरच खेकसले.

काही दिवस मी फोरमकडे फिरकले नाही. मग सवयीने उघडला, तर वर वाघच. 'गुरूज, अर्जंट! दुपार झाली की आमची सिस्टम ठप्प होते, कुणीतरी कोड दुरुस्त करून द्या.' खाली तोच मुलाखतीतला कागद चिकटवलेला. म्हणजे तो इस्त्रीचा शर्ट हाच होता तर.

कुणीतरी त्याला माझं जुनं उत्तर शोधून दाखवलं होतं. 'शेवटी काय लिहिलंय ते वाच. ते काम तू केलंच नाहीस.' आणि त्याखाली वाघ, 'थँक्स, चाललं!'

त्याचा मला वेगळा निरोपही आला होता. 'सर, अजून इथे आहात का? आमच्या टीममध्ये जागा आहे. बऱ्याच लोकांना भेटलो, पण एकाचंही बेसिक पक्कं नाही. तुमच्यासारखा माणूस हवाय. प्लीज तुमचा नंबर पाठवा. अर्जंट.'

मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्यामागे उभी राहिली. "आई, इज दॅट द टायगर?"

"हो, तोच."

"आर यू गोइंग टु हेल्प हिम?"

मला ती नोकरी हवी होती. अजूनही हवी होती, खोटं कशाला सांगू? 'मी सर नाही, मी ती बाई' एवढं लिहिलंसुद्धा. मग त्याचं ते हसणं आठवलं आणि लिहिलेलं खोडून टाकलं. नेहमीचं तेवढं लिहून पाठवलं, 'आधी स्वतः शोधा, मग विचारा.'

शोधायला त्याला लांब जायचं नव्हतं. रेझ्युमेच्या कागदावर, त्याच्याच अक्षरात शेरा मारलेली, मी त्याच्या टेबलावर पडले होते.