लग्नाच्या वाढदिवसाचा घास

तीन वर्षं मी एकच धरून बसले होते, की नवऱ्याला माझ्या हातचं नकोसं झालंय. ताटातली पोळी अर्धी राहायची, प्रत्येक घासामागे पाणी लागायचं, मध्येच तो उठून उभा राहायचा. इथे आखातात, अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. "ऑफिसात लंच हेवी झाला," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याचं वजन उतरत होतं आणि मी मूर्खासारखी दुसऱ्याच कुणा बाईचा संशय घेत होते.

लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला इथली मराठी मंडळी जमली. नाव घ्या, घास भरवा, हा आग्रह झालाच. मी उखाणा घेऊन पुरणपोळीचा भलामोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. तो हसला, टाळ्या झाल्या, आणि तो बाथरूममध्ये गेला. मी दारापाशी उभी होते. घास बाहेर पडल्याचा आवाज ऐकला. पाहुणे गेल्यावर मी नको नको ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं.

पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. अन्ननलिका फुगली होती, खालचं तोंड घट्ट मिटलेलं. मल्याळी डॉक्टरांनी विचारलं, "साउथ अमेरिका में कभी रहे?"

"बोलिविया. माइनिंग प्रोजेक्ट, शादी से पहले," नवरा खाली बघत म्हणाला. "वहीं टेस्ट में चागास पॉझिटिव्ह आया था."

चागास म्हणजे काय, ते डॉक्टरांनी मला समजावलं. तिकडे मातीच्या भिंतींत एक किडा असतो. तो चावला की त्याच्या विष्ठेतले जंतू अंगात शिरतात. काहींच्या अन्ननलिकेच्या नसा ते वर्षानुवर्षं गुपचूप मारत राहतात. मग घास खाली सरकत नाही, पोटाचं दार उघडत नाही. मेलेल्या नसा परत येत नाहीत. आता ऑपरेशन करून ते दार सैल करायचं, एवढंच हातात.

"मला का नाही सांगितलंस?"

"व्हिसा मेडिकलमध्ये कळलं असतं तर खलास. म्हटलं, कुणालाच नको सांगायला."

व्हिसा शब्द ऐकून डॉक्टर म्हणाले, "उसमें ये टेस्ट होता ही नहीं."

ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांत मीही होते. बारा वर्षं. मला इतकं फसवल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर वरणभात मिक्सरमधून काढून त्याच्यापुढे ठेवला. स्वतःसाठी ज्वारीची भाकरी थापली आणि त्याच्यासमोर बसून चावून चावून खाल्ली. तो बघत होता.

"आधी सांगितलं असतं, तर लग्न केलं असतंस?" त्याने विचारलं. म्हणजे व्हिसाचं निमित्तच होतं.

मी तोंडातला घास गिळून झाल्यावर म्हटलं, "केलं असतं. आज विचारशील, तर नाही."