भावोजींचा सातवा महिना

जगात माणसं आजारी पडतात ती आपल्याला त्यांना नंबर देता यावा म्हणूनच, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तोच माझ्या ताईच्या पदरात पडला. हे आमचे भावोजी. ठाण्यातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात ते रेकॉर्ड खात्याचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे खात्यात ते, एक शिपाई आणि उरलेली झुरळं. काम एवढंच, की घरी जाणाऱ्या पेशंटचा केसपेपर वाचायचा आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारापुढे परदेशी पुस्तकातला त्याचा नंबर टाकायचा. पण तोरा काय विचारता! डॉक्टर नुसते बरं करतात, आजार कोणता होता ते आम्ही ठरवतो, असं चारचौघांत सांगायचे. त्या जाडजूड पुस्तकाला ब्राऊन पेपरचं कव्हर होतं आणि हात धुतल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही असा दंडक होता. मी एकदा त्यावर चहाचा कप ठेवला, तर गृहस्थ माझ्याशी गौरी-गणपतीपर्यंत बोलले नाहीत. मला काय, तेवढाच निवांतपणा मिळाला.

डोंबिवलीला त्यांच्या घरी कुणी 'जरा बरं नाही' म्हणायची सोय नव्हती. "बरं नाही म्हणजे काय? असा आजारच नाही पुस्तकात," म्हणून जे खोदायला बसायचे, की साधी सर्दी घेऊन आलेला पाहुणा डोकेदुखी घेऊन परत जायचा. एका नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत आमच्या पुढची बाई चक्कर येऊन पडली. कुणी पाणी आणतंय, कुणी कांदा शोधतंय, आणि आमचे भावोजी तिच्या नवऱ्याला विचारतायत, "उपासाने, उन्हाने, की दिवस गेलेत? तिन्हीचे नंबर वेगळे आहेत." त्या नवऱ्याने मारलं कसं नाही याचं मला आजही नवल वाटतं. त्याच्या जागी मी असते तर देवीसमोरच दिली असती एक ठेवून.

पण त्यांचा खरा जीव अडकलेला होता तो मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत. डॉक्टरांनी नुसतं 'प्रीमॅच्युअर' लिहिलं की यांच्या अंगाचा तिळपापड. वजन किती, आठवडे किती पूर्ण झाले, त्यावर म्हणे नंबर बदलतो. पेपर हातात घेऊन ते वॉर्डात हिंडायचे. एक तरुण डॉक्टरीण तर त्यांची चप्पल वाजली की लिननच्या खोलीत लपायची. डॉक्टर सापडले नाहीत की हे सरळ नातेवाइकांना गाठायचे. तेव्हा तारखा कोण लिहून ठेवतंय? मग भावोजी सणांवरून हिशेब काढायचे. "शिमग्याला पुरणपोळी गेली का तिला? नारळी पुनवेला उलट्या होत होत्या का?" असले प्रश्न परक्या बायकांना भर व्हरांड्यात! लाज म्हणून नाही.

त्यात आपल्याकडची समजूत अशी, की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. त्यामुळे कुणालाही विचारा, सातवाच सांगणार. एकदा ताईने दिलेला डबा त्यांना पोचवून मी वागळे इस्टेटला कामावर जाणार होते, तर व्हरांड्यात हीच जुगलबंदी चाललेली. बाळकुमची एक म्हातारी, कासोटा घातलेली, कमरेवर हात ठेवून उभी. "सातवाच हाय सायेब! माजे सुनंचं पोट, मना नाय ठावं, त तुला ठावं?" भावोजींनी शिमगा, पाडवा, अखाती सगळं बोटांवर मोजलं आणि विजयी आवाजात जाहीर केलं, "आठवा! आठवा महिना चालू आहे!" म्हातारीचं तोंड एकदम उतरलं. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि आत काचेच्या पेटीत ठेवलेल्या नातवाकडे बघायचंही तिने सोडून दिलं.

मला असा संताप आला! कारण ताईचं पहिलं मूल, मुलगा, आठव्या महिन्यात झालेला आणि गेलेला. त्यानंतर कित्येक वर्षांनी मंजू झाली, तीही जीव मुठीत धरून. ताई आठवा हा शब्दसुद्धा घरात काढू द्यायची नाही. मी म्हटलं, "भावोजी, स्वतःच्या घरात काय झालं ते विसरलात का हो? काय बिघडलं असतं सातवा म्हटलं तर?" तर चष्मा पुसत म्हणतात, "आठव्यातलं सातव्यापेक्षा जास्तच जगतं. आपल्या बाळाचं वजन कमी होतं, महिन्याचा काय दोष?" दगड तो दगडच. त्या म्हातारीचा नातू चांगला गुटगुटीत होऊन घरी गेला. तिने अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले, भावोजींच्या पुढून मात्र बॉक्स तसाच पुढे नेला. यांचं म्हणणं, "खरं तर पहिला पेढा मलाच द्यायला हवा होता." घ्या!

पुढे मंजूला दिवस गेले. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आली. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांची वाडी, बायका गाणी म्हणतायत आणि हे बाहेरच्या खोलीतून येऊन सांगतात, "सातवा संकष्टीला संपतो. आज फक्त अमुक आठवडे पूर्ण आहेत." ओटी भरणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी हसले नाही. माझं लक्ष ताईकडे होतं.

संकष्टी झाली आणि त्या आठवड्यातच मंजूच्या पोटात कळा सुरू झाल्या. टॅक्सी करून ठाण्याला भावोजींच्याच इस्पितळात नेलं. ताई बाकावर बसली ती बसलीच. डोळे दाराला लावलेले, ओठ पांढरेफटक, हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेला. मी पाणी पुढे केलं तर मला ओळखलं नाही तिने. दुपारी नर्स सांगून गेली, मुलगी झाली, लहान आहे, पेटीत ठेवलीय. ताई माझा दंड धरून पुटपुटायला लागली, "आठवा लागलाय गं. गेली माझी नात. गेली." एकदा बाळ हरवून बसलेली बाई ती. तेवढ्यात भावोजी आतून आले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आठवडे सांगणार, वजन सांगणार आणि माझ्या बहिणीला जागच्या जागी मारणार.

ते तिच्यासमोर उभे राहिले. "सातवाच आहे," म्हणाले.

ताईने मान वर केली. "तुम्हीच म्हणालात ना, संकष्टीला संपतो म्हणून?"

"चुकलो मी," भावोजी म्हणाले. "मोजण्यात घोळ झाला माझा. आत्ता परत मोजलं. सातवा संपायचाय अजून."

हा माणूस आपली चूक झाली असं कधी म्हणाला नव्हता. रस्ता चुकला तरी गाव सरकलंय म्हणणारा. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, मग एकदम रडायला लागली आणि रडता रडता मला म्हणाली, "अगं, पाणी दे." एवढ्यातेवढ्यावरून अख्ख्या जगाला छळून जो खरेपणा त्यांनी गोळा केला होता, तो सगळा त्या एका वाक्यात खर्चून टाकला. मी त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. "पेपरावर कोणता नंबर टाकणार आता?" त्यांनी चष्मा काढला. "जो आहे तोच," म्हणाले, आणि चष्मा न घालताच जिना उतरायला लागले, कठडा चाचपत.

नात जगली. चांगली धट्टीकट्टी झाली, भांडखोरही आजोबांसारखी. भावोजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली आणि खोटं कशाला सांगू, घर सुनं वाटतं. अजूनही कुणी आलं की ताई नातीला हाक मारते, तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि कौतुकाने सांगते, "ही आमची सातमाशी. हे आयुष्यात एकदाच चुकले हो, आणि ते नेमकं हिच्या वेळी." मग माझ्याकडे बघते. मी म्हणते, "हो ना, ताई. एकदाच."