वऱ्हाड कुठे आहे, असं विचारणारे नाना

दोंडाईच्याच्या स्टेशनजवळ भास्करनानांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग येतं, एवढ्या भांडवलावर मी धुळ्याहून तिथे नोकरी मागायला गेले होते. नानांनी चहा मागवला, एका लग्नाचं शूटिंग लावलं आणि विचारलं, ‘‘यात काय कमी आहे, सांगा.’’ मी ऐटीत म्हणाले, ‘‘लाइट कमी आहे.’’ नाना म्हणाले, ‘‘वऱ्हाड कमी आहे. कुठे आहे वऱ्हाड?’’

खरंच होतं. आपल्याकडे लग्नात कॅमेरा फिरला की रुसलेल्या आत्याबाईसुद्धा पदर सावरून पुढे येतात. इथे नवरदेवाकडची जेमतेम तीन-चार माणसं, आणि कॅमेरा वळला की तीही तोंडावर रुमाल धरत होती. नवरी तर शाळकरी वयाची. हे शूटिंग नानांनीच केलं होतं. मांडवातल्या धावपळीत त्यांना उमगलं नाही, ते नंतर स्टुडिओत बघताना उमगलं. तोवर मुलगी परराज्यात गेली होती. नाना पोलिसांकडे गेले, पण नवरदेवाचं नाव-गाव सगळं खोटं निघालं. ‘‘तो पोरीचा सौदा होता आणि मी त्याला लायटिंग केली,’’ असं ते म्हणाले. मी तिथेच नोकरीला लागले.

त्यातूनच नानांनी मुलांच्या तस्करीवर चित्रपट केला. कलाकार सगळे गावातले. गोडबोल्या दलालाचं काम कापड दुकानाच्या शेठजींनी इतकं झकास केलं, की गिऱ्हाइकं अजून त्यांना हसतात. चित्रपट अगदी साधा आहे, आणि तो संपल्यावर नानांचं बोलणं चित्रपटाहून लांबतं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. पण ‘कॅमेऱ्याला भिणाऱ्या वऱ्हाडाला मुलगी देऊ नका’ ही गोष्ट गावोगाव पोचली ती त्यामुळेच.

शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही शाळेच्या भिंतीवर चित्रपट दाखवला. संपल्यावर एक बाई उठल्या. ‘‘नाना, मनी पोरनं लगीन ठरेल शे. त्या लोके बी फोटोले नही म्हणतस.’’ मुलगी त्यांच्या शेजारीच बसली होती, नववीतली. तिचे वडील चिडले, ‘‘गरीब मानसं शेतस, लाजतस!’’

नाना त्यांच्यावर उखडले नाहीत. मुलगी लहान आहे, हे लग्न कायद्यानेही होऊ शकत नाही, हे त्यांनी समजावलं. वडील ऐकेनात. तेव्हा नाना एवढंच म्हणाले, ‘‘मंग मी शूटिंगले येसू. मनाकडथून भेट समजा.’’

लग्नाच्या सकाळी नानांनी आधी पोलीस ठाणं गाठलं, मग आम्ही मांडवात गेलो. नानांनी कॅमेरा उभा केला मात्र, लग्न जुळवणारा दलाल अंगावर धावून आला. नवरदेवाने रुमाल वर ओढला. नाना जागचे हलले नाहीत. आणि मग मुलीचे वडीलच पुढे झाले. ‘‘जावई व्हनार ना? मंग तोंड दखाडा.’’ रुमाल काही खाली आला नाही. पाहुणे जीपकडे पळाले, तर गावाच्या वेशीवर पोलीस उभेच होते.

हळद लागलेली ती मुलगी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, ‘‘नाना, आते कॅमेरा बंद करा.’’ नानांनी तो तत्काळ बंद केला, आणि त्या दिवसापासून तिचा चेहरा कुठल्याही पडद्यावर आला नाही. एका वाहिनीचे वार्ताहर तिची मुलाखत मागायला आले होते. चित्रपटाला केवढी प्रसिद्धी मिळेल, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. नानांनी त्यांना चहा पाजला आणि स्टेशनवर सोडून आले. मला तेव्हा नानांचा रागच आला होता. आता त्याच गोष्टीसाठी त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

ती मुलगी आता शिरपूरला कॉलेजात शिकते. नानांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला ती येणार आहे, तसा तिने निरोप धाडला आहे. सभागृहात ती आपल्यातच कुठेतरी बसलेली असेल. ती कोणती, हे कृपया कोणी विचारू नये. नाना तिला व्यासपीठावरून बरोबर ओळखतील. अशा आणखी पुष्कळ मुली गर्दीत निर्धास्त बसलेल्या बघायला नानांना ठणठणीत प्रकृतीचं भरपूर आयुष्य लाभो.