रॅकेटीला खळ

ज्युनिअर पोरांच्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या इतिहासात आमच्या पवनीच्या घराचाही वाटा आहे. तो कोणी लिहून ठेवला नाही, हे बरंच झालं!

ती स्पर्धा नागपुरात होती आणि माझी मुलगी पिंकी तिच्यासाठी निवडली गेली होती. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं, म्हणजे संधी ही एकच. आदल्या दुपारी ती रॅकेट घेऊन रडकुंडीला आली.

"आई, जाळी ढिली होऊन राहिली वो! आता इथं कोण कसून देईल?"

मी भित्री, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे विणकर. सूत ढिलं पडलं की तांदळाची खळ लावायची आणि उन्हात वाळवायचं, हे मला झोपेतही येतं. पिंकी बाहेर जाताच मी रॅकेटीला खळ लावली. वर आणखी एक हात दिला! वाळल्यावर जाळी टणटण वाजली. मी ती खोळीत घालून चेन लावली आणि मनातच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी पिंकीनं कोर्टावर खोळ उघडली, पहिला फटका मारला आणि पांढरा धुरळा उडाला! दुसऱ्या फटक्याला नेटपलीकडची परदेशी पोरगी शिंकली. पंचांनी खेळ थांबवला.

"पिंकी, काय लावलं हे?" तिचे सर ओरडले.

"मले नाही मालूम, सर!"

प्रेक्षकांत शेजारी बसलेल्या यांच्या कानात मी पुटपुटले, "खळ लावली वो मी." हे ताडकन उभे राहिले. "घाबरू नका, साहेब! खळ हाय! घरच्या तांदळाची!"

सगळा हॉल हसला. पिंकीनं मान वर केली नाही. उसन्या रॅकेटीनं ती खेळली आणि हरली.

बसमध्ये हे म्हणाले, "काही म्हणा, तार एकबी ढिली नव्हती."

"बाबा, चूप बसा." पवनीपर्यंत ती एवढंच बोलली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मला निदान पदर तरी पुढं करता आला असता.

आता ती संध्याकाळी लहान पोरांना खेळ शिकवते. परवा मी तिथं पाण्याची कळशी घेऊन गेले, तर सगळ्या पोरांनी पटापट रॅकेटी पाठीमागे लपवल्या. जन्मभर मी लोकांना भिऊन राहिले; मला भिणारं कोणी असेल, असं वाटलं नव्हतं!