सरपंचबाईची गाठ

मी पंचायतीचा शिपाई. किस्से मी गोळा करत न्हाई. झाडू मारायला गेलो की रोज एखादा पायात येतोच! जवळा बाजारच्या टपरीवर चहा घेत सांगाया बसलो तर कप थंड होतो. त्यातले निम्मे आमच्या सरपंच शेवंताबाईंचे.

बाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या. निवडून आल्या, पहिल्या मीटिंगला गेल्या, तर खुर्चीत नवरा वसंतराव! बाई दाराशी जमिनीवर बसल्या. शेवटी सहीसाठी पेन पुढं केला, तर म्हणाल्या, "खुर्चीत बसल्याबिगर सही येत न्हाई मला." तेव्हापासून वसंतराव स्टुलावर.

* * *

फोनचा तर कहरच! बाईंनी उचलला, तर तालुक्याहून कुणीतरी विचारलं, "सरपंच साहेब हायेत का?"

"मीच बोलून राहिले."

"वहिनी, साहेबांना द्या ना."

"साहेब भांडे घासून राहिलेत. काय निरोप?"

मागून वसंतराव ओरडले, "झूट हाय!" आन् हातातलं पातेलं पडल्याचा आवाज आला.

* * *

एकदा तालुक्याच्या मीटिंगला वसंतराव गुपचूप एकटेच निघाले. बघतात तर मोटरसायकल लिंबाला बैलाच्या दाव्यानं बांधलेली! बाईंच्या बापानं शिकवलेली गाठ ती, ओढली की आवळते. वसंतरावांनी ओढली, मी ओढली, गाठीचा पार दगड झाला. तेवढ्यात बाई पदर खोचून आल्या, ढील दिली, बारीक झटका दिला, सुटली! "चला," म्हणाल्या आन् मागं बसल्या.

* * *

आता पंधरा ऑगस्टचं ऐका. झेंडा दरसाल माजी सरपंच नानाच फडकवायचे. बाईंनी विचारलं, "आता सरपंच मी हाय, मंग झेंडा तुमी काहून?"

नाना चारचौघात म्हणाले, "तांड्यावरच्या बाईच्या हातानं झेंडा? गावाची काही इज्जत हाय का न्हाई!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंचे डोळे भरले, पण एवढंच म्हणाल्या, "बरं. बांधायचं काम तरी द्या."

नाना खूश! बांधणं म्हंजे शिपायाचं काम.

सकाळी बाईंनी फुलं घालून झेंडा बांधला, वर चढवला. कडक टोपीतल्या नानांनी दोरी ओढली. काहीच न्हाई! परत ओढली. लेकरं राष्ट्रगीतासाठी तोंड उघडून उभी. नाना दोरीला पार लटकले, टोपी घामानं भिजली, झेंडा काही उघडेना.

शेवटी हळूच म्हणाले, "बाई, जरा बघता का?"

"कोणती बाई? तांड्यावरची?"

नाना इकडंतिकडं बघून पुटपुटले, "सरपंचबाई, झेंडा तुमीच फडकवा."

बाईंनी माझ्या हातातला माइक घेतला आन् नानांच्या तोंडापुढं धरला. "गावाला ऐकू न्हाई आलं."

नाना माइकवर बोलले. सगळ्या गावानं ऐकलं, तांड्यानंबी ऐकलं.

बाईंनी दोरीला ढील दिली, बारीक झटका दिला. आन् नानांनी टोपीवर फुलं घेऊन, बाईंच्या मागं उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं.