जानकीची तपासणी आणि आमचे आप्पा

मंडळी, मी या गटात फारसं लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण सकाळी माझ्या चार वर्षांच्या जानकीची ऑटिझमची तपासणी पूर्ण झाली.

आमच्या तमिळ गावातल्या डॉक्टर तमिळमधून विचारत होत्या. भाताला भाजी लागली तर रडते का? रस्ता बदलला तर अडून बसते का? फटाक्यांना कान झाकते का? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले.

"मग इतके दिवस काही वाटलं नाही, अम्मा?"

"घरात सगळे म्हणायचे, आजोबांवर गेली आहे."

माझे वडील, आप्पा, चार महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल कोणाशी बोलले नव्हते. आज तिथे बोलतच सुटले. केळीच्या पानावर आप्पांना प्रत्येक पदार्थ वेगवेगळा वाढलेला लागायचा. मेलकावेरीतल्या आमच्या घरून कचेरीला ते कायम एकाच गल्लीने जायचे. दिवाळीच्या पहाटे आम्ही फटाके लावायला धावायचो, तेव्हा ते एकटेच गावापासून लांब, तिरुवलंचुळीच्या देवळात जाऊन बसायचे. आई चिडायची, "सणाला तरी माणसांत बसा हो!" आम्ही भावंडं हसायचो.

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "ते का जायचे, कोणी विचारलं होतं?"

कोणीच नाही.

जानकीला ऑटिझम आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आप्पांबद्दल आता कोण काय सांगणार?

त्यांना विचारायचं राहिलं, आणि जानकीला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला फटाक्यांचा आवाज सोसत नसेल, तर त्या वेळी जवळच्या माणसाने काय करावं, मला लिहाल का? दिवाळी महिन्यावर आली आहे.